पुरातली निळी मुनिया

आमच्या गल्लीत पुराला कोणी भीत नाही. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की आम्ही आधी जिन्याखालच्या भिंतीकडं बघतो. तिथं मागच्या मोठ्या पुराची खूण म्हणून ऑइलपेंटची लाल रेघ ओढलेली असते, घरोघरी. पाणी त्या रेघेवर जात नाही, असं गल्लीचं ठाम मत. म्हणून रेघेच्या वर एक फळी ठोकायची, खालचं सामान तिच्यावर चढवायचं आणि वर जाऊन चहा टाकायचा. सून म्हणून आले तेव्हापासून हेच बघत आले, आणि खोटं कशाला बोलू, माझाही त्या रेघेवर पुरता विश्वास होता.

त्या वर्षी पाणी गल्लीत शिरलं तेव्हा घरात आम्ही दोघंच. मी आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जाईल असाच. नवरा उचगावला कामावर गेलेला, रस्ता बंद झाल्यामुळं तिथंच नणंदेकडं अडकला. लेक पुण्यात हॉस्टेलला. आणि वरच्या खोलीत पिंजऱ्यात माझी मुनियांची जोडी.

ही मुनिया आपल्याकडची नव्हे, आफ्रिकेतली. तिकडं तिचं कोणाला कौतुक नाही म्हणे. कुडाच्या घरांच्या आसपास, अंगणात, रस्त्याकडेला गवताचं पडलेलं बी टिपत हिंडणारं साधं पाखरू. चिमणीहून बारीक, पोट आणि शेपटी फिकट निळी, आणि नराच्या गालावर लाल डाग, कुंकू पुसताना फरकटावं तसा. गाणं म्हणजे नुसती बारीक किणकिण, पण दिवस दिवस चालते. मादीला रिझवायचं झालं की नर चोचीत गवताची लांब काडी धरतो आणि गात गात तिच्यापुढं उड्या मारतो. जणू सांगतोय, बघ, घर बांधायची ऐपत आहे माझी. मग दोघं मिळून गवताचा गोळा करतात, बाजूला दार ठेवतात, आणि अंड्यांवर आळीपाळीनं बसतात. आळीपाळीनं! आमच्या घराण्यात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी त्यांना राळ्याचं बारीक धान्य घालायची, आणि मामांना त्यांचा राग यायचा. "त्यास्नी राळं चारतीस व्हय? आमच्या लहानपणी आम्हास्नी सणाला मिळायचं न्हाय राळं," म्हणायचे. मी म्हणायची, "मग तुम्ही बी काडी धरून नाचायचं की मामा." त्यावर ते पेपर तोंडासमोर धरायचे.

या जोडीनं त्याआधी दोनदा अंडी घातली होती. दोन्ही वेळा पिल्लं निघाली आणि थोड्याच दिवसांत सकाळी पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये मेलेली सापडली. आईबापांनीच बाहेर टाकलेली. मी त्या दोघांना शिव्या घातल्या, अगदी मोठ्यानं. मग लेकीनं फोनवर शोधून सांगितलं की त्यांचा काही दोष नाही. ही पाखरं स्वतः बियांवर जगतात, पण पिल्लांना सुरुवातीला किडे लागतात. तिकडं पावसाळ्यात गवताला बी धरतं आणि वाळवीला पंख फुटतात, तेव्हाच ती वीण काढतात. किडे मिळाले नाहीत की पिल्लं जगणार नाहीत हे त्यांना कळतं, आणि ती घरटं रिकामं करून टाकतात.

आता हसाल तुम्ही. एवढ्याशा पाखरांच्या पिल्लांपायी बाई जीव टाकते म्हणाल. पण या घरात माझं म्हणून हाती घेतलेलं काहीच तडीला गेलं नव्हतं. बीएड सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात सुटलं. शिवणाचा क्लास काढला, तो लेकीच्या दहावीत बंद पडला. प्रत्येक वेळी कारण चांगलंच असायचं, म्हणून भांडताही यायचं नाही. तिसऱ्यांदा अंडी आली तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही पिल्लं उडालेली मी बघणारच. जयसिंगपूरच्या एका पाखरंवाल्याकडनं कोंड्यात वळवळणाऱ्या अळ्यांचा डबा आणला. तो मामा वर येऊ देईनात, कारण वर देव्हारा. "देवाच्या खोलीत किडं? येडी का खुळी तू?" शेवटी डबा खाली, रेघेवरच्या फळीवर ठेवला.

पिल्लं निघाली त्याच दिवशी पाणी उंबऱ्याला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून वाकून बघितलं तर रेघ दिसेना. फळीही दिसेना. गढूळ पाण्यावर डब्याचं नुसतं झाकण तरंगत होतं. माझ्या तोंडून असा काही शब्द गेला की देव्हाऱ्यातल्या देवांनी कान झाकले असतील. मामा तोवर सिलिंडर ओढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. येताना कसल्या तरी पत्र्यानं नडगी कापली. मी हळद दाबली आणि चिंधी बांधली.

मग सुरू झालं कोंडून पडणं. एक खोली, एक गॅलरी, आणि जिन्यात तांबूस पाणी. वीज गेली, फोन मेले. गॅलरीतून दिसायचे ते पत्रे आणि पलीकडच्या गच्चीवर बांधलेल्या दोन म्हशी. घाण वासानं डोकं उठायचं. मामा खोकायचे, कण्हायचे, चहा मागायचे, आणि चहा दिला की पाण्याची चव वेगळी लागते म्हणायचे. मला त्या खोलीचा वीट आला, त्या आवाजाचा वीट आला, भिंतींना डोकं आपटावं वाटायला लागलं. घरट्यातून पिल्लांची चिरचिर ऐकू यायची आणि माझ्याकडं द्यायला राळ्याशिवाय काही नव्हतं.

आणि मुंग्या आल्या. जमिनीत पाणी शिरल्यावर त्या तरी कुठं जाणार? जिन्याजवळच्या भिंतीतल्या भेगेतून रांगच्या रांग खोलीत, पिंजऱ्याशेजारून चढायला लागली, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. मामांनी मुंग्या मारायचा खडू काढला आणि आपल्या कॉटभोवती रिंगण ओढलं. मी तांदळाचा डबा उचलत होते, तेवढ्यात बघते तर नरानं गजातून मान बाहेर काढली, एक अंडं टिपलं, दुसरं टिपलं, आणि सरळ घरट्यात शिरला. मी जागच्या जागी उडीच मारली! पिंजरा ढकलत नेऊन भेगेला चिकटवून ठेवला. दोघं जण दिवसभर टिपत होती आणि भरवत होती.

मामा खडू घेऊन भेगेकडं निघाले तशी मी आडवी आले.

"भिंतीला हात लावायचा न्हाई, मामा!"

"अगं, चावाय लागल्यात की!"

"चावू द्यात!"

त्यांनी खडू खिशात घातला. मग कॉट भिंतीपासून सरकवून पिंजऱ्याजवळ घेतली आणि आडवे पडून बघायला लागले. संध्याकाळी म्हणाले, "बाप बी भरवतोय की गं. आम्ही आमच्या पोरास्नी कवा घास दिला न्हाय." मी चहा केला. त्यानंतर त्यांचा छंदच झाला. किती पिल्लं, कुणाचं तोंड मोठं, कोण मागं राहतंय, सगळं मलाच सांगायचे. चोचीतली अंडी त्यांना राळ्यासारखीच दिसायची, आणि मीही उलगडून सांगितलं नाही. मध्येच विचारायचे, "मुंग्या पिल्लास्नी खाणार न्हाईत न्हवं?" मी म्हणायची, "कशाला खातील? आधी पाय वर ठेवा."

पाय सुजत चालला होता. मामांना साखर आहे. ताप चढला आणि त्यांना एका दुपारी मला ओळखायला वेळ लागला, तेव्हा मी गॅलरीतून घसा फुटेस्तोवर ओरडले. बोट आली ती माणसांनी भरलेली. बोटीतला म्हणाला, "म्हाताऱ्याला आणि तुम्हाला घेतो, मावशी. पिंजरा न्हाय." मी भांडले, गयावया केली, पुन्हा भांडले. शेवटी आत गेले, राळं आणि पाणी काठोकाठ भरलं, पिंजरा भेगेला नीट टेकला आहे ना बघितलं. पिल्लांच्या पंखांत निळं दिसायला लागलं होतं. थोडेच दिवस, म्हटलं, मुंग्या आहेत तोवर निभावेल. मला आधी शिडीवरून उतरवलं. मामा आतच. "मामा, या की!" म्हणून हाक मारली तर म्हणाले, "हो म्होरं, आलोच." बऱ्याच वेळानं दारात आले, हात झटकत.

दवाखान्यात पाय वाचला. मग उचगावला नणंदेच्या घरी राहिलो. सुटका झाली म्हणायची, पण तिथंही मी अडकलेलीच. जेवताना, झोपताना डोळ्यांपुढं तो पिंजरा. मामा मात्र खुशीत. येईल त्या पाव्हण्याला सांगायचे, "आमच्या घरात आफ्रिकेची पोरं वाढाय लागल्यात." नणंद म्हणायची, तापात अजून बरळतात वाटतं.

पाणी उतरल्यावर घरी आलो. पायऱ्यांवर चिखल होता. मी तशीच वर धावले. नर-मादी जिवंत होती, दांडीवर बसून ओरडत होती. राळ्याची टरफलं उरली होती. पिल्लं ट्रेमध्ये पडली होती, चारही, वाळून गेलेली. पंखांवर निळी पिसं पुरती फुटलेली.

पिंजऱ्याभोवती फरशीवर पांढरं रिंगण होतं, जाड, पुन्हा पुन्हा गिरवलेलं. भिंतीवरच्या भेगेवरही तसाच खडू घासलेला. रिंगणाबाहेर मेलेल्या मुंग्यांचा थर पडला होता, तोंडात अंडी तशीच.

खालून काठीचा आवाज आला. मामा चिखलातून एकेक पायरी चढत होते. धाप लागलेली, तरी आवाज गल्लीच्या टोकाला जाईल असा.

"काय गं? एक तरी मुंगी शिवली का पोरास्नी? बोट थांबवून खडू फिरवलाय म्या!"

मी पदर खोचला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, त्यांना वर यायला वाट न ठेवता.

"न्हाई मामा," म्हटलं. "एक बी शिवली न्हाई."