थेंब गाळणारी मोटार

कवडू मिस्त्री उभ्याउभ्याच जेवायचा. एका हातात भाताची थाळी, पाठ दाराच्या चौकटीला आणि नजर रस्त्यावर.

"अजी, बसा ना," त्याची बायको रुख्मा म्हणायची. "भात पळून नाई चालला."

"भात नाई, मी चाललो."

"कुठं?"

हे मात्र त्याला सांगता यायचं नाही. ऐन रोवणीत बापाच्या धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी निघून गेला होता, तेव्हाही सांगता आलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत तो कामठीला फौजेचे ट्रक दुरुस्त करत त्यांच्याखाली लोळला, लढाई संपली तसा परत आला आणि गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये इंजिनावर लागला. तेव्हापासून एकच इंजिन, एकच चामडी पट्टा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तीच डुगडुग. ऐकून ऐकून त्याचं डोकं भणभणायचं. रोज नवी गाडी यावी, नवं दुखणं घेऊन यावी, आणि आपण आपल्या मर्जीनं तिच्याखाली शिरावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी जागाही त्यानं हेरून ठेवली होती. दवनीवाड्याच्या उदेलाल पाटलांचं, सडकेकाठचं टिनाचं शेड. पाटलांची मालगुजारी गेली, वसुलीचं धान शेडात येणं थांबलं आणि ते रिकामं पडलं. पण तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचाही त्यावर डोळा होता.

उदेलाल पाटलांना शेडाची पडलेली नव्हती. त्यांना नाद लागला होता मोटारीचा. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब विलायतेला परतताना आपली लाल, उघडी, दोन माणसांची मोटार त्यांना विकून गेला. शर्यतीसाठी बनवलेली, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसलं की शेताच्या धुऱ्यावरून चालणाऱ्याचे गुडघे तेवढे दिसायचे.

एक दिवस ती मोटार मिलच्या फाटकात येऊन उभी राहिली.

"कवडू, हे मोटार बोंबलते भारी, पन चालत नाई," पाटील म्हणाले. "परवा एका सायकलवाल्यानं मले मागं टाकलं. वरून हात बी दाखवला गा त्यानं."

कवडूनं क्लचचं पेडल हाताच्या तळव्यानं दाबून पाहिलं. ढिलाई हवी तेवढी होती. मग तो आत बसला, इंजिन चालू केलं, हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला आणि पेडल हळूहळू सोडलं. धडधाकट मोटार अशा वेळी एक आचका देते आणि बंद पडते. ही मजेत गुरगुरत राहिली.

"क्लच घसरून राहिला, पाटील. इंजिनाचा चक्का फिरते, पन त्याले धरनारी प्लेट धरतच नाई. चालवताना तुमचा पाय पेडलवरच असते का?"

"पाय का मंग डोक्यावर ठेवू?"

"बाजूले ठेवत जा."

पाटील हसले, मग गंभीर झाले. "हे पाय, बाजाराच्या दिवसापर्यंत ठीक केली तं शेड तुह्यं. नाई झाली तं मोटार नागपूरले विकतो आनि शेड ठेकेदाराले देतो. रोज येऊन बसते तो माह्या वसरीत."

झालं. कवडूचे हात शिवशिवायला लागले. बाजार दोन दिवसांवर, पण त्याला दोन घटकाही काढवेनात. मिलमध्ये पट्टा घसरायला लागला की त्यावर राळेची भुकटी चिमूटभर टाकायची, पट्टा लगेच पकड घेतो. तीच युक्ती इथं. गिअरबॉक्सच्या तोंडावरचं, क्लचवरचं बारकं झाकण त्यानं खोललं, इंजिन चालू ठेवलं आणि चिमूटभर नव्हे, मूठभर राळ आत फेकली.

मिलमध्ये हाच माणूस राळ टाकण्याआधी वर पाहायचा. तेल कुठून गळतंय, पट्टा कशानं ओला झाला, ते आधी शोधायचा. इथं त्याला दम धरवला नाही.

मोटार अशी सुटली की पाटलांची टोपी फाटकातच राहिली. बालाघाटच्या सडकेवर फेरी मारून ते आले आणि त्यांनी शेडाची चाबी कवडूच्या हातात ठेवली. त्या संध्याकाळी कवडूनं शेड झाडलं, पुन्हा झाडलं, आणि जेवायचं विसरला.

सकाळी मोटार शेडापुढे आली ती बैलांनी ओढून. मागून पाटील, मिशीत धानाच्या तणसीच्या काड्या.

"पेडल दाबून चालू केली गा. गिअर टाकला होता, पन पेडल तं दाबलं होतं. उसळली अन मले घेऊन तणसीच्या ढिगात घुसली. आता क्लच सुटतच नाई. चाबी दे."

कवडूनं चाबी खिशातच धरली. "बाजाराचा दिवस उद्या आहे, पाटील."

"उद्यापर्यंत का उपटशील?"

"पाहू ना."

पाटील पाय आपटत गेले. कवडूनं गिअरबॉक्स उतरवला. आतली प्लेट चक्क्याला चिकटून बसली होती. वर काळा, घट्ट लपका.

"हे का? गुळाचा पाक?" घमेलं धरून बसलेल्या रुख्मानं विचारलं.

"राळ. गरम होऊन पिघलली, थंड होऊन जमली. मीच टाकली."

"मंग पाटलाले का सांगान?"

"हेच सांगीन."

पण राळेच्या खाली तेल होतं, भरपूर तेल. अशा इंजिनाच्या मागच्या टोकाशी थोडं तेल पाझरायचंच. कारागिरांना ते ठाऊक असतं, म्हणून ते खालच्या कवचाला एक बारीक भोक ठेवतात आणि त्यात एक ढिली पिन सोडतात. ती हलत राहते, भोक मोकळं ठेवते, तेल थेंबाथेंबानं बाहेर जातं. कवडूची बोटं कवचाखाली ते भोक चाचपत गेली. पिन नव्हती. बाभळीची खुंटी ठोकलेली होती आणि वरून लाख लावून भोक बुजवलं होतं. आत तेल साचलं, प्लेटवर चढलं, प्लेट घसरली.

"हे कोनाचं काम?" तो पुटपुटला आणि लगेच उठला. मग पुन्हा बसला, कारण प्लेट अजून धुवायची होती. पेट्रोलनं धुतली, कानशीनं घासली, परत धुतली. भोकात नवी पिन सोडली. सगळं जोडून हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला, पेडल सोडलं. मोटार आचका देऊन मेली. कवडूला इतका आनंद झाला की त्यानं ती पुन्हा दोनदा मारून पाहिली.

बाजाराच्या सकाळी तो स्वतःच मोटार घेऊन गावात गेला आणि पाटलांच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात थांबला. ओसरीवर ठेकेदार बसलेला. कवडूनं पाटलांसमोर खुंटी धरली.

"राळ मी टाकली, पाटील. ते चूक माही. पन हे खुंटी कोनं ठोकली?"

पाटलांनी दाराकडे पाहिलं. दारात दुलारी पाटलीणबाई उभ्या होत्या, हात अजून शेणाचे.

"मी ठोकाया लावली," त्या म्हणाल्या. "रोज सारवतो आनि रोज तिथंच काळा डाग. तान्हं लेकरू बी आधी रडून सांगते. हे मोटार सांगत बी नाई."

तेवढ्यात मोटारीखाली ठिपका पडला. टप्प. चौघांनीही पाहिला.

"तिले गळाले पाहिजे, पाटलीणबाई. नाई गळली तं चालनार नाई."

"गळू दे. माह्या अंगणात नाई."

"मंग ठेवू कुठं मी?" पाटील म्हणाले. "बांधीत?"

"माह्या शेडात," कवडू म्हणाला.

"तुह्यं कधी झालं गा?"

"मोटार चालून आली ना. तुमीच बोलले होते."

ठेकेदार खाकरला. "पाटील, मले दिलेल्या शब्दाचं..."

"शेडात तुमचा तेंदूपत्ता ठेवला तं मोटार कुठं ठेवतील?" दुलारीबाई म्हणाल्या. "माह्या चुलीवर?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "अर्ध्या शेडात मोटार. अर्ध्यात तू. आनि खाली घमेलं ठेवजो."

"ठेवतो."

"बसा आता, चहा ठेवतो," म्हणून दुलारीबाई आत गेल्या. चुलीवर आधण येईपर्यंत बाहेर इंजिन गुरगुरलं. पाठोपाठ पाटलांची हाक ऐकू आली, "अबे, मले तं घे!" त्या कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा अंगणात ठेकेदार एकटाच होता. त्यांनी कप त्याच्या हातात दिला, डागाकडे पाहिलं आणि शेण आणायला गोठ्याकडे वळल्या.