तिसऱ्या गाण्यातला खोकला

माझे वडील वारल्यानंतर दीड वर्षानं, एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता, आमच्या बेसमेंटमध्ये खोकले.

खोकला त्यांचाच होता, यात मला तिळमात्र शंका नाही. दोन आखूड, एक लांब आणि शेवटी एक 'हं'. या 'हं'चा अर्थ 'आता मी बोलणार, बाकीच्यांनी गप्प बसा.' सांगलीत या खोकल्याच्या धाकात मी लहानाचा मोठा झालो. तो ऐकू आला की रहस्यकथा गादीखाली जायची आणि भूगोल वर यायचा. त्या शनिवारी मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, माझा हात आपोआप गादी शोधू लागला!

पण मुळापासून सांगतो. मूळ म्हणजे माझं एक खोटं.

आमची मुलगी रेवा शिकागोला असते. तिथली इन्शुरन्स कंपनीतली चांगली नोकरी गेल्या वर्षी सोडून तिनं तीन मित्रांबरोबर रॉक बँड काढला. त्यावर मी जे बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही ('टाळ कुटत बस' हे त्यातलं सगळ्यात सौम्य). मग आमचं बोलणं फक्त हवामानापुरतं उरलं. तिच्याकडे बर्फ किती, आमच्याकडे किती. आठ महिने बाप-लेक वेधशाळेसारखे बोलत होतो. आणि एक दिवस तिचा अल्बम आला. पाऊण तासाचा, नुसती वाद्यं. गाणारं कोणीच नाही.

"बाबा, तुला आवडायलाच पाहिजे असं नाही," ती फोनवर म्हणाली. "जस्ट लिसन. एकदा. पूर्ण."

एवढंच मागितलं होतं पोरीनं. मी रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. शब्द असते तर निदान अर्थावरून वाद तरी घालता आला असता! तीन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"ऐकलास?"

"ऐकला की! मस्त!"

"रिअली? कुठला ट्रॅक आवडला?"

शाळेपासूनचा माझा नियम आहे. उत्तर येत नसेल तर मधलं काहीतरी ठोकून द्यावं. "तिसरा," मी म्हणालो.

 मग एकदम हळू, भरून आलेल्या आवाजात रेवा म्हणाली, "आय न्यू इट, बाबा. तुला कळणार, मला माहीत होतं. मी शनिवारी येते. आपण त्याच्यावर बोलू या."

त्याच्यावर म्हणजे कशावर? एका गाण्यावर बोलायला कोणी पाच तास ड्राइव्ह करून येतं का? 

त्याच शनिवारी आम्ही माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, पक्षाचं पान ठेवणार होतो. तिथी खरी बुधवारी होती. पण अमेरिकेत पितरांनासुद्धा वीकएंडलाच यावं लागतं. माझी बायको मेधा याच्या सक्त विरोधात होती. "तिथी म्हणजे डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे का, रिशेड्यूल करायला?" असं तिनं विचारलंही होतं. मी रिशेड्यूल केली.

सकाळपासून धुकं असं दाटलं होतं की शेजाऱ्याचं गॅरेज दिसत नव्हतं. मेधा वर वडे तळत होती. रेवा एक वाजेपर्यंत येणार. हातात अडीच तास आणि अल्बम पाऊण तासाचा. "ताम्हन शोधतो," असं सांगून मी बेसमेंटमध्ये उतरलो. खाली खिडक्या छताजवळ आणि चिंचोळ्या, त्यातून राखाडी उजेड येत होता. शेवटच्या वर्षी अप्पा सहा महिने आमच्याकडे होते, ते इथंच. त्यांची खुर्ची अजून मागच्या भिंतीला तशीच आहे. मी तिच्याकडे पाठ करून सोफ्यावर बसलो, समोरच्या मोठ्या स्पीकरांवर अल्बम लावला आणि अभ्यासाला बसावं तसा बसलो.

पहिलं गाणं म्हणजे कोणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढत होतं. दुसऱ्यात ते कपाट परत जागेवर नेलं. तिसऱ्यात मात्र जवळजवळ काहीच नव्हतं. नुसता एक खोल घुमारा, कानापेक्षा तळपायांना जास्त जाणवणारा. खोली एकदम गार झाल्यासारखी वाटली. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला, "कट्."

मी हललो नाही.

"कट्."

अडकित्ता! जेवण झालं की अप्पा सुपारी कातरत. डॉक्टरांनी खायला बंदी केल्यावर खात नसत, पण कातरत. घुमारा वाढत गेला, अडकित्ता संथपणे चालू राहिला, आणि मग खुर्चीच्या दिशेनं तो खोकला आला. दोन आखूड, एक लांब आणि 'हं'.

मी पॉज दाबलं. डोकं ठिकाणावर ठेवायचं म्हणून विचारही केला. या अल्बममध्ये गाणारा माणूस नाही. म्हणजे माणूसच नाही. म्हणजे माणसाचा खोकला असणं शक्य नाही. (इंजिनिअर आहे मी, असाच विचार करतो!) संगीत थांबलं होतं. घरात इतकी शांतता की माझंच घड्याळ मला ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत, माझ्या मागे, पुन्हा एक खोकला आला. एकच, आखूड.

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मी त्यातल्या चारच वापरल्या.

"काय झालं?" मेधानं कढईवरून मान न वळवता विचारलं.

"अप्पा खोकले!"

"कोरडा की ओला?"

सहा महिने तिनंच त्यांना कफ सिरप पाजलं होतं, तेव्हा प्रश्न शास्त्रीय होता. मी अडकित्त्याचंही सांगितलं. तिनं गॅस बंद केला. "तरी मी म्हणत होते, तिथीलाच करा! बुधवारी आले असणार ते. जेवायला कोणी वाढलं नाही. तीन दिवस खाली उपाशी बसलेत!"

"अगं, पण अडकित्ता तर देवघराखालच्या खणात आहे."

आम्ही दोघांनी मिळून खण उघडला. अडकित्त्याचं लाल फडकं व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. अडकित्ता नव्हता.

आता मात्र मेधाच्या हातातून झारा पडला.

पान घाईघाईनं वाढलं. खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. ते मागच्या अंगणात ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. एरवी आमच्या गल्लीत कचऱ्याच्या दिवशी कावळ्यांचं अधिवेशन भरतं. त्या दिवशी एक नाही. पानही हलत नव्हतं झाडाचं. धुक्यातून एक खार आली, वड्याचा वास घेतला, माझ्या खांद्यामागे कुठंतरी टक लावून पाहिलं आणि मागच्या मागे पळाली. मी मागे वळून बघितलं नाही. नुसता जोरात ओरडलो, "काव! काव! या हो, अप्पा, या!"

"यू ओके, बडी?" धुक्यातून शेजाऱ्याचा आवाज आला. माणूस दिसत नव्हता.

"येस, येस! जस्ट कॉलिंग माय फादर!"

हा शेजारी अप्पांच्या अंत्यविधीला आला होता. पलीकडे घाईची पावलं वाजली. मग दार लागलं. मग आतून कडी लागली.

"त्यांची काहीतरी इच्छा राहिली आहे," मेधा कुजबुजली. "मोठ्यानं बोलायचं असतं. कबूल केल्याशिवाय कावळा शिवत नाही." आणि पदर खोचून तिनंच सुरुवात केली. "मामंजी, तिथी चुकली. पुढच्या वर्षी बुधवार असो की मंडे असो, तिथीलाच करू!"

कावळा नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "तुमचा तपकिरी स्वेटर मी डोनेट केला!"

कावळा नाही.

"अप्पा, वड्यांचं पीठ आयतं आहे!"

"ते कशाला सांगताय?" मेधा फिस्कारली. कावळा तरीही नाही. धुकं अजून जवळ आलं. आणि मला एकाएकी कळलं, काय राहिलंय ते. म्हणजे कळलं होतंच, पण ते सोडून स्वेटरापासून सगळं सांगून झालं होतं! मी डोळे मिटले, हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "अप्पा, मी रेवाचा अल्बम ऐकलाच नाही! तिसरं गाणं आवडलं म्हणून थाप मारली! पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, ती पण मी केली नाही!"

पंखांचा फडफडाट झाला. मी डोळे उघडले. पानावर एक धिप्पाड कावळा बसला होता आणि वड्याला चोच मारत होता. आणि त्याच्या पलीकडे, अंगणाच्या उघड्या फाटकात, गाडीची किल्ली हातात घेऊन रेवा उभी होती. एकची बारालाच आली होती.

"यू लाइड?" ती म्हणाली.

कावळ्याकडे बघायला आम्हाला कोणालाच वेळ नव्हता.

"रेवा, ऐक..."

"नो, बाबा, तू ऐक. तू 'तिसरा' म्हणालास ना, मी कार बाजूला घेऊन रडले. मला वाटलं तू अप्पांना ओळखलंस." तिनं जॅकेटच्या खिशातून अडकित्ता काढला. "अप्पांनी मला दिला. वीकएंडला घरी आले की मी खाली प्रॅक्टिस करायचे ना, ते खुर्चीत बसून याच्यानं बीट द्यायचे. मी रेकॉर्ड केलं. त्यांचा कफ पण. तुम्हाला वाटायचं ते झोपलेत."

"आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही ते?" मेधानं विचारलं.

"अप्पाच म्हणाले, नको सांगू." रेवा आपल्या अडखळत्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा बोलली. "ते म्हणाले, तुझा बाप शब्द ऐकतो. आवाज ऐकत नाही."

हे मात्र मला लागलं. अप्पांनी आयुष्यभर खोकून मला धाकात ठेवलं असं मी समजत होतो, आणि हा माणूस माझ्याच घरात माझ्या मुलीला ताल देत होता! मी वर टीव्हीवर बातम्या बघत होतो. मला रडू आलं, आणि अंगणात उभ्या उभ्या मी रडलो. रेवा जवळ आली. रागावलेलीच होती, पण आली.

पान तसंच ठेवून आम्ही तिघं खाली गेलो. अप्पांच्या खुर्चीच्या वरच, भिंतीवर, मागचा स्पीकर होता. मी आठ वर्षांपूर्वी स्वतः लावलेला. पाऊण तास कोणी बोललं नाही. तिसऱ्यात अडकित्ता आला, खोकला आला, मेधानं डोळे पुसले. अल्बम संपल्यावर रेवानं विचारलं, "सो?"

मी 'मस्त'साठी उघडलेलं तोंड मिटलं. "पहिली दोन मला कळली नाहीत. पाचव्यात डोकं दुखलं. तिसऱ्यात मी घाबरून पळालो. आणि आता ते मला पुन्हा ऐकायचंय."

"दॅट्स द बेस्ट रिव्ह्यू वुई गॉट," ती म्हणाली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"फक्त एक सांग. पॉज केल्यावरही खोकला येतो, ते कसं केलंस?"

"व्हॉट?"

"दुसरा खोकला. गाणं थांबवल्यानंतरचा."

 "बाबा, एकच कफ आहे. पॉज केल्यावर काहीच वाजत नाही."

आम्ही तिघांनी एकाच वेळी खुर्चीकडे पाहिलं. "फर्नेस असेल," मेधा घाईघाईनं म्हणाली. (सप्टेंबरात आमची घर तापवणारी फर्नेस बंद असते. पण ते बोलायची ही वेळ नव्हती.)

आता दर शनिवारी मी खाली जाऊन तो अल्बम ऐकतो. रेवा शिकागोत सगळ्यांना कौतुकानं सांगते, "माय डॅड लिसन्स टु द होल थिंग. ही नेव्हर हिट्स पॉज!" खरंच आहे ते. पाऊण तासात फोन वाजो, बेल वाजो, वर दूध उतू जावो, मी जागचा हलत नाही. पॉज दाबायची माझी छातीच नाही!