फटफटीला आवतण

वाटूरच्या घरी मी जुनी फटफटी आणली तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि काही न बोलता गोठ्यात निघून गेले. वडिलांच्या बोलण्याला मी कधी भ्यालो नाही, पण त्यांच्या न बोलण्यानं माझं डोकं फिरायचं. निजामाचं राज्य होतं, लढाई नुकतीच संपलेली, पेट्रोल मोठ्या मिनतवारीनं मिळे. जालन्याच्या एका जिनिंगवाल्यानं मला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. गावोगाव फिरून कापूस पाहायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गाडीसकट हजर व्हायचं, नाहीतर त्याच्याकडे दुसरा माणूस तयार होता. आबांचीही एक अट होती, ती आईकरवी कळली. गाडी नाही चालली तर मुकाट्यानं औत धरायचं.

पोळा झाला. सकाळी कोट चढवून मी गाडी सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बोंबलायला लागलं, पण गाडी जागची हलेना. आबा ओसरीवरून बघत होते.

आधी तार पाहिली. तार ताणलेली असली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि पकड सुटते. पण तार नीट होती. मग पकड घट्ट व्हावी म्हणून झाकणाच्या भोकातून क्लचच्या स्प्रिंगांचे नट थोडे पिळले आणि पुन्हा क्लच सोडून पाहिला. इंजिन आणखीच ओरडलं आणि जळका वास आला. हा वास इंजिनच्या तेलाचा नव्हता. सणाच्या दिवशी चुलीपाशी येतो तसला होता.

झाकण काढून क्लचच्या चकत्या बाहेर काढल्या. या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा कुठं चाक फिरतं, म्हणून त्या कोरड्या ठणठणीत लागतात. माझ्या तूपहळदीनं पिवळ्याधमक झाल्या होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी औत धरावं म्हणून म्हाताऱ्यानं डाव साधला, दुसरं काय! एक चकती तशीच हातात घेऊन ओसरीवर गेलो आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"म्या," आबा म्हणाले. "परवा बैलांचं खांदं मळलं, तवाच हिचंबी मळलं. तू झाकण काढून तिथंच साखळीला तेल घालून राह्यल्ता, मला वाटलं गाडीची वढ तिथंच बसती. तू अंधारात हात धुवाया गेला तवा चोळलं." मग म्हणाले, "आवतणबी दिलं. चारी बैलांना दिलं, मंग हिलाच कसं टाळावं? घरचीच झाली न्हाई का ती."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी जुवानं घासलेल्या बैलांच्या खांद्यांना कोमट तूपहळद चोळायची आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्याशी धड न बोलणारा हा माणूस फटफटीला जेवायला बोलावून आला होता. राग कुठल्या कुठं गेला.

पण गाडी तशीच होती. रॉकेलनं पुसावं तर त्याचाच चिकटपणा राहतो, आणि टाकीत जेमतेम जालन्यापुरतं पेट्रोल. आईनं विचारलं, तुपाचं भांडं मी कशानं घासते? तिनं चुलीतली राख चाळून आणली. आबा नि मी समोरासमोर बसून चकत्यांना राख चोळत होतो, पुसत होतो, पुन्हा चोळत होतो. शेवटी बोळाभर पेट्रोल फिरवून त्या उन्हात मांडल्या. मला दम निघेना. "जल्दी करू नको, बराबर वाळू दे," म्हणत आबांनी मला कालची पोळी खायला बसवलं.

चकत्या बसवल्या, क्लच सोडला, तशी गाडीनं अशी उडी घेतली की मी पडता पडता वाचलो. आबांच्या तोंडून "हो, हो" निघालं, उधळल्या बैलाला म्हणतात तसं. ऊन डोक्यावर यायच्या आत मी जालन्यात होतो आणि काम मला मिळालं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा वाटी घेऊन माझ्यापाशी आले आणि हिचा खांदा कोणता ते तूच दाखव म्हणाले. मी टाकी दाखवली. त्यांनी तिथं सावकाश तूपहळद चोळली, बोटं धोतराला पुसली आणि बाजूला सरकले.

"आवतण तू दे," ते म्हणाले.

मी दिलं.