गाडीवानाची घोंगडी

प्लेगाच्या हिवाळ्यात एका पहाटे मी परळहून गिरगावला छपराच्या बैलगाडीतून निघालो. गाडीवानाचा सारा संसार त्या गाडीतच होता: चूल, मडकं आणि एक घोंगडी. वारा झोंबला तसा मी, अंगात लोकरीचा कोट असूनही, कण्हलो, “ताप आलाय हो.” घोंगडीसाठी मारलेली थाप ती! त्या दिवसांत तापाचं नाव काढलं की सख्खा भाऊ दूर पळे. यानं मला घोंगडीत गुंडाळलं आणि स्वतः नुसत्या बंडीत कुडकुडत बैलांबरोबर चालू लागला. मधूनमधून माझ्या कपाळाला हात लावून बघे.

गिरगावात त्याचा चेहरा खुलला. “उतरला बघा, मालक! घोंगडी राहू द्या, परत हीव भरलं तर?”

मी ती ठेवून घेतली. आज कबूल करतोय, तेही तो समोर नाही म्हणून.