दुसरा ब्रेक

आत्याच्या शोकसभेत बाबा तिसऱ्यांदा ‘बिचारी’ म्हणाले आणि मुंगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुंगी ही त्यांची मुलगी. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. हे नाव आत्यानं ठेवलेलं, कारण लहानपणी ती गुपचूप यायची आणि कडकडून चावायची. पुढे चावणं सुटलं, गुपचूपपणा तेवढा राहिला. आताही ती पहिल्या रांगेत मुकाट बसली होती.

“ताईनं आम्हा भावंडांसाठी आयुष्य वेचलं,” बाबा माइकवर सांगत होते. “स्वतःचा संसार केला नाही. बिचारी शेवटपर्यंत एकटीच राहिली.”

काकूंनी डोळे टिपले. बाबांच्या मागे टेबलावर आत्याचा फोटो होता, तोही कुठल्याशा घरगुती फोटोतून कापून मोठा केलेला. आत्याच्या खांद्यापाशी भलत्याच कुणाचं तरी कोपर राहून गेलं होतं. मान खाली, नजर खाली. आत्याला ओळखणाऱ्या कुणालाही तो फोटो दुसऱ्याच बाईचा वाटला असता.

खरं सांगायचं तर आत्यानं कुणासाठी काही वेचलं-बिचलं नव्हतं. लग्नाला ती चक्क नाही म्हणाली होती, आणि तेसुद्धा हसत हसत. “मला नवरा नको होता असं नाही गं,” ती मुंगीला सांगायची, “मला ऊठसूट परवानगी मागणं नको होतं.” ती एका कचेरीत टायपिस्ट होती. तिथं साहेबांची पत्रं बडवून कंटाळली, गाडी शिकली, आणि एक दिवस नोकरीवर पाणी सोडून जुनी गाडी घेऊन आली. गॅरेजवाल्याकडून तिनं शेजारच्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला, त्याच्याच गॅरेजवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि बायकांना गाडी शिकवायला लागली.

“लोक काय म्हणतील?” बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

“म्हणू देत की. त्यांच्या बायकांनाही शिकवते.”

ते बाबांना जे लागलं ते लागलं. बहिणीशी बोलणं त्यांनी सोडलं नाही, पण त्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. धो धो पाऊस असो, आत्या दार उघडून हाका मारत असो, हे आपले छत्री उलटी होईपर्यंत चालत जाणार.

आत्याकडे शिकायला नर्स आल्या, बेकरीवाली आली, नातवंडं झालेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सगळ्यांचा सारखाच उद्धार व्हायचा. “माझ्या पायाकडे काय बघतेस? ब्रेक तुझ्याही पायाखाली आहे!” चढावर एखादीची गाडी बंद पडली आणि मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसला, की आत्या काच खाली करून अर्धी बाहेर यायची. “तू काय आईच्या पोटातून शिकून आलास?” असं तिनं भर रस्त्यात विचारलं की भल्याभल्यांचे हॉर्न बंद व्हायचे.

पण खरी गंमत पुढे होती. एखादी बाई तयार झाली असं आत्याला वाटलं, की ती तोंडानं काही सांगायची नाही. चालत्या गाडीत चपला काढायची, पाय वर घ्यायची आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसायची. म्हणजे आता दुसऱ्या ब्रेकवर कुणाचा पाय नाही. आता काय ते तुझं तू बघ. कुणी रडायचीसुद्धा, पण गाडी चालवायची. नंतर आत्याचा कंबरेचा सांधा कामातून गेला, तरी ती दोन्ही हातांनी पाय उचलून, डॉक्टरला शिव्या घालत मांडी घालायचीच.

मुंगीसाठीही घातली होती. मुंगी बाबांच्या चोरून शिकली, आणि आत्याचा सांधा बिघडल्यापासून संध्याकाळचे धडे तीच देत होती. हेही बाबांना माहीत नव्हतं. बाबांनी परस्पर गाडीचा सौदा केला होता. सभा आटोपली की गाडी भंगारवाल्याच्या आवारात जायची होती. गॅरेजवाल्यानं आणून दिलेली ती आता बाहेरच उभी होती आणि किल्ली बाबांच्या खिशात होती. गाडी गेली की आत्याचं शिकवणं संपलं, आणि मागं उरणार ती फोटोतली मान खाली घातलेली बिचारी.

मुंगी उठली. बाबांना वाटलं, पाणी आणायला निघाली. ती सरळ माइकपाशी गेली.

“आत्या बिचारी नव्हती,” ती म्हणाली. आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “तिनं आपल्यासाठी काही सोडलं नाही. तिला जे पाहिजे होतं ते तिनं केलं आणि मजेत केलं. आपल्याला ते बघवलं नाही म्हणून आपण तिला बिचारी करून टाकतोय. मला ती फार आवडायची. गाडी भंगारात जाणार नाही. सोमवारपासून मी शिकवणार आहे.”

मागच्या रांगेतून मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “मोठ्यानं बोल, इथं नीट ऐकू येत नाही.” मुंगीनं सगळं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

बाहेर आल्यावर बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. “चार माणसांत माझी शोभा केलीस. मी शब्द दिलाय त्या माणसाला. बघतोच कशी चालवतेस ती. चल, त्याच्या आवारात नेऊन सोड.” त्यांनी किल्ली तिच्या हातावर आपटली आणि दार उघडून ते बसले. त्या गाडीत पहिल्यांदाच, आणि नेमके आत्याच्या जागी.

गाडी निघाली. पहिल्याच वळणावर बाबांचा पाय दुसऱ्या ब्रेकवर पडला आणि गाडी आचका देऊन बंद झाली. मुंगीनं पुन्हा सुरू केली. समोरून सायकलवाला आला, तो चांगला लांब होता, तरी बाबांनी पुन्हा ब्रेक दाबला. तिसऱ्या वेळी गाडी भर रस्त्यात अडकली. मुंगीनं हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

“बाबा, पाय वर घ्या.”

“काय?”

“बूट काढा आणि मांडी घाला. त्याशिवाय मी गाडी हलवणार नाही.”

“वेड लागलंय का तुला? मागे रांग लागलीय!”

रांग लागलीच होती. टेम्पोवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मुंगीनं काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर वाकली आणि ओरडली, “तू काय आईच्या पोटातून शिकून आलास?”

हॉर्न थांबला. ती आत आली तेव्हा बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

“हे ताईचं वाक्य आहे,” ते म्हणाले. “मला सायकल तिनं शिकवली. पोरं हसायची, तेव्हा हेच ओरडायची त्यांच्यावर.”

बाबा खाली वाकले. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी एकेक पाय वर घेतला आणि सीटवर अवघडून मांडी घातली. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

पुढच्या चौकात भंगारवाल्याकडे जायला उजवीकडे वळायचं होतं. मुंगीनं डावीकडे, गॅरेजच्या बाजूला वळायचा दिवा लावला. दिव्याची टिकटिक सुरू झाली. बाबांनी दिव्याकडे पाहिलं, खाली ब्रेककडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरून बसले.