वाळूतला केक

सकाळपासून वारा पिसाळल्यासारखा सुटला होता. आभाळ गढूळ, हवा कोरडी. कारखान्याच्या अंगणातली धूळ एका भिंतीपासून उठायची आणि दुसऱ्या भिंतीवर जाऊन डोकं आपटायची. पाळी सुरू व्हायला अजून अवकाश होता, आणि भंगाराच्या ढिगामागे उंदीर शर्ट काढून उभा होता.

उंदीर म्हणजे बॉयलरवरचा फिटर. हे नाव त्याला आईबापांनी दिलेलं नव्हतं, कामानं दिलं होतं. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून उघडतात, तेव्हा कुणीतरी त्याच्या पोटात शिरून नळ्यांची तोंडं खरवडायची, गंज बघायचा, सांधे ठोकून ऐकायचे. आत जायला एक लंबगोल भोक. धड टोपलीएवढंही नाही. तरणा असताना हा त्यातून असा सुळकन जायचा की बघणाऱ्याला वाटावं, भोकच पुढे सरकलं. आता अंग सुटलं होतं. नाव तेवढं बारीक राहिलं होतं.

भंगारात जुन्या बॉयलरचं तोंड पडलं होतं. कापून काढलेली लोखंडी कडी, मापाला नव्याशी बरोबर जुळणारी. उंदरानं ती दोन पिंपांच्या मध्ये पाचर ठोकून उभी केली होती आणि महिनाभर तो रोज कुणी यायच्या आत तिच्यातून जाऊन येत होता. घरी वजनकाटा नव्हता असं नाही. पण काट्याला काय कळतं. चरबी खांद्याला बसलीय की कमरेला, हे कडीच सांगू शकते.

आधी उजवा हात, मग डोकं तिरकं, मग दुसरा खांदा. पोटापाशी श्वास सोडायचा. गेला. पलीकडे हात टेकून क्षणभर थांबला आणि आल्या वाटेनं उलटा निघाला. कमरेपाशी कडीनं धरलं. त्यानं पाय झाडले, कूस बदलली. पोटाखाली लोखंड गार लागत होतं आणि कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं. शेवटी होती नव्हती ती हवा सोडून, कातडं सोलून घेत तो बाहेर आला आणि पिंपावर बसून राहिला.

कालच्या संध्याकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पहाटे बायकोनं चहा पुढे केला तर त्यानं तोही सारला. "कुणावर रुसलात?" तिनं विचारलं होतं. मग त्याच्या कमरेकडे बघून म्हणाली, "या पॅन्टीला आता उसवायला कापड उरलं नाही हं. पुढच्या खेपेला पडदा जोडते." ती हसली, तोही हसला. कडीतून जाताना मावतो आणि येताना अडकतो, हे तिला सांगितलं असतं तर तिनं त्याला घराबाहेर पडू दिलं नसतं. आणि आज बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर यायचा होता, त्याच्यासमोर आत जायचं होतं.

इंजिनीअर बाईंनी मागेच बोलता बोलता टाकलं होतं, आत जाणारा माणूस आपल्याकडे राहिला नाही तर ते काम कंत्राटावर द्यावं लागेल. त्या कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. पण उंदराला तेव्हापासून गोदामाचं फाटक दिसायला लागलं होतं. तिथली राखणीची खुर्ची, ट्रकांची ये-जा, आणि दिवसभर बसून आणखी वाढलेलं पोट. बॉयलरच्या पोटात न जाणारा उंदीर म्हणजे कोण?

हे अंग काही घरच्या जेवणानं सुटलं नव्हतं. बॉयलरघरात भिंतीवर एक फळा होता, अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. त्याच्याखाली एक लांब टेबल. कुणाची मुलगी पास झाली, टेबलावर केक. कुणी स्कूटर घेतली, बिस्किटांचे पुडे. कुणाची बदली टळली, चॉकलेट. फळ्यावर गोल आकडा आला की कंपनीकडून केक. एवढ्या माणसांच्या घरात रोज काही ना काही चांगलं घडतच असतं. आणि न खाणाऱ्याची गय नव्हती, कारण तिथे भोंगा होता.

भोंगा हा उंदराचा जोडीदार. उंदीर आत गेला की भोंग्यानं भोकापाशी बसायचं, तिथून हलायचं नाही आणि त्याच्याशी बोलत राहायचं, असा नियम. आवाज असा की दोन मशिनं चालू असली तरी आत नळीनळीत ऐकू जावा. स्वतः बांबूसारखा उभा, हाडं मोजून घ्यावीत. खायचा मात्र दोघांचं. खाल्लेलं कुठे जातं विचारलं तर लोक म्हणत, आवाजात. त्याच्या समोर "नको" म्हणणं म्हणजे त्याच्या आनंदावर पाणी ओतणं. ताटली घेऊन तो माणसाच्या मागे फिरे आणि शेवटी स्वतःच्या हातानं तोंडात कोंबे.

उंदरानं सुरुवातीला दात दुखतो म्हणून सांगून बघितलं. अर्ध्या खात्यानं औषधं सुचवली आणि भोंगा म्हणाला, "केकला दात कशाला लागतात? जीभ शाबूत आहे ना?" मग पोट बिघडलंय म्हणाला, तर पचायला हलका म्हणून साधा केक वेगळा मागवला गेला. तेव्हा उंदराला टेबलामागच्या लाल बादल्या दिसल्या. आगीसाठी वाळू भरून ठेवलेल्या, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या. ताटली घ्यायची, भिंतीला टेकून उभं राहायचं, हसायचं, गप्पा ऐकायच्या आणि पाठीमागे हात नेऊन तुकडा वाळूत दाबायचा. महिनाभर छान चाललं होतं.

फक्त गेल्या आठवड्यातली गोष्ट त्याला खात होती. भोंग्याला नातू झाला. तो निळ्या क्रीमचा केक घेऊन आला, वर साखरेचे दोन इवलेसे बूट. एक बूट त्यानं सुनेसाठी डबीत ठेवला. दुसरा उंदराच्या ताटलीत घातला. "हा तुझा. तू आत असलास की माझा जीव बाहेर टांगलेला असतो, एवढा तर माझ्या पोराच्यासुद्धा पायी टांगला नाही." उंदराचा हात पाठीमागे जाताना वाटेत थांबला होता. पण गेला.

पाळी लागली. बॉयलर परवापासूनच बंद होता, झाकण उघडं, पंख्यानं आत हवा फेकली जात होती. उंदीर त्या भोकासमोरून जायचा, यायचा, पान्हे पुसायचा, पुसलेले पुन्हा पुसायचा. दहा पावलांवर जाऊन पुन्हा वळून बघायचा, जणू तेवढ्यात भोक आकसलं असेल.

"अरे, एका जागी बस की," भोंगा ओरडला. "कुत्र्यासारखा गोल गोल फिरतोयस."

"इन्स्पेक्टर कधी येतोय?"

"येईल तेव्हा येईल. तुला काय लग्नाला जायचंय?"

तेवढ्यात इंजिनीअर बाई आल्या. इन्स्पेक्टरची गाडी वाटेत बिघडली होती, तो दुपारनंतर येणार होता. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "आज फळ्यावर वर्ष पुरं होतंय. तोवर केक उरकून घेऊ."

उंदराच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. निम्मी भुकेनं, निम्मी केकनं.

टेबल मांडलं गेलं. फळ्याभोवती कुणीतरी रंगीत कागदाची झालर लावली. केक भला मोठा, वर एकच पेटती मेणबत्ती. बाईंनी दोन शब्द सांगितले की वर्षभर कुणाचं नखही दुखावलं नाही, याचं श्रेय तुम्हा सगळ्यांचं. टाळ्या पडल्या. उंदीर नेहमीच्या जागी, बादल्यांना पाठ लावून. भोंग्यानं त्याच्यासाठी कोपऱ्याचा तुकडा कापला, ज्याला दोन बाजूंनी क्रीम असतं.

"खा. आत उपाशी जाऊ नये."

उंदरानं ताटली घेतली. खावं, असं त्याला इतक्या जोरानं वाटलं की त्यानं डोळे मिटले. आणि हात मागे नेऊन तुकडा वाळूत दाबला.

तेवढ्यात दाराची फळी वाऱ्यानं धाडकन उघडली. झालरीचं एक टोक सुटून मेणबत्तीवर आलं आणि कागद भरभर पेटत फळ्याकडे चढू लागला. मोठी आग नव्हे. पण सगळे मागे सरले. भोंगा तेवढा पुढे झाला. उंदराला कोपरानं बाजूला सारून त्यानं बादली उचलली आणि हिसका देऊन सगळी वाळू भिंतीवर फेकली.

कागद विझला. पण वाळूबरोबर फळ्यावर, टेबलावर, बाईंच्या बुटांवर थपाथप काहीतरी पडत राहिलं. कडक झालेला चॉकलेटचा केक. मुंग्या लागलेला साधा केक. बिस्किटांचा चुरा. आत्ताचा ओला तुकडा तर वर्षाच्या आकड्यावरच चिकटला. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग एकजण फिसकन हसला आणि सगळं खातं खिदळायला लागलं.

"बेकरीच निघाली की."

"उंदरं झालीत वाटतं इथे."

"एकच आहे," कुणीतरी म्हणालं, आणि हसू आणखी फुटलं.

भोंगा हसत नव्हता. त्यानं वाकून वाळूतून काहीतरी उचललं, फुंकर मारली. साखरेचा निळा बूट. एवढ्या दिवसांनी जसाच्या तसा.

"हा कुणी पुरला?" त्यानं हळू आवाजात विचारलं. त्याला हळू बोलता येतं हे तोवर कुणाला माहीत नव्हतं.

हसू विरलं. उंदराला वाटलं, गप्प राहिलो तर अजूनही निभावेल. बादली काय कुणाचीही. पण बूट एकट्याच्याच ताटलीत गेला होता.

"मी," तो म्हणाला. "सगळं माझंच आहे."

"माझ्या नातवाचं तुला चालेना?"

"मी मावत नाही रे. भोकात. सकाळी भंगारातल्या कडीतून गेलो, येताना अडकलो. उपाशी होतो तरी अडकलो."

वारा तेवढा दाराशी आपटत राहिला. बाईंनी बुटावरचा केक झटकायचं सोडून त्याच्याकडे बघितलं.

"आणि आज तू आत जाणार होतास?"

"जाणार होतो."

"उद्या या फळ्यावर तुझं काय लिहायचं होतं आम्ही?" त्यांचा आवाज चढला नाही, पण उंदीर शरमेनं खाली बघू लागला. "तू आत जायचं नाहीस. आजचं हे झालं. पुढचं काय ते इन्स्पेक्टर गेल्यावर बघू." मग त्या इतरांकडे वळल्या. "आत कोण जातंय?"

सगळे एकमेकांच्या पोटांकडे बघायला लागले. वर्षभराचे केक सगळ्यांच्याच अंगावर दिसत होते.

"मी जातो," भोंगा म्हणाला.

उंदरानं चमकून वर बघितलं. भोंगा नोकरीच्या सुरुवातीला एकदाच आत गेला होता आणि रडत बाहेर आला होता. तेव्हापासून तो भोकापाशी बसून ओरडायचा, ते अर्धं स्वतःच्या भीतीवर, हे फक्त उंदराला ठाऊक होतं.

"तू नको," तो पुटपुटला.

"मग कोण, बाईंना पाठवू?" भोंग्यानं साखरेचा बूट शर्टाच्या खिशात टाकला. "केक पुरलास ते मी विसरणार नाही. ते नंतर. आता तू बाहेर बस आणि बोल. गप्प झालास तर बाहेर येऊन तुला वाळूत पुरेन."

दुपारनंतर इन्स्पेक्टर येऊन बाईंशी बोलत उभा राहिला आणि भोंगा दिवा घेऊन आत गेला. सुळकन गेला. त्याचे तळवे दिसेनासे झाले आणि उंदीर भोकाच्या आणखी जवळ सरकला. इतकी वर्षं हे असं बाहेर बसायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. आत काम असतं, हात चालू असतात. बाहेर नुसतं काळं भोक.

"बोल की," आतून आवाज आला, घोगरा, कापरा.

उंदराला जन्मात कधी मोठ्यानं बोलता आलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला. "डावीकडच्या रांगेपासून धर," तो ओरडला. "शेवटून तिसरी नळी. तिच्या गळ्याशी बोट फिरव. खरखरीत लागतंय?"

"लागतंय."

"ती जुनीच खोड आहे तिची. हातोडीनं हळू ठोक. आवाज भरीव आहे?"

टण्. "भरीव."

"मग पुढे सरक. श्वास लांब घे. सुनेनं नाव काय ठेवायचं म्हटलंय पोराचं?"

आतली हातोडी थांबली. उंदीर गुडघ्यांवर आला, डोकं भोकात घातलं. मग भोंग्याचा आवाज आला, जरासा मोकळा. "तिला एक हवंय, माझ्या बायकोला दुसरं." आणि तो बोलत राहिला, ठोकत राहिला, आणि उंदीर नळीमागून नळी सांगत, विचारत, ओरडत राहिला, घसा बसेपर्यंत.

भोंगा बाहेर आला तेव्हा गंजानं तांबडा झाला होता. त्यानं आधी भिंतीला धरून दोन श्वास घेतले, मग टेबलापाशी जाऊन उरलेल्या केकचा मोठा तुकडा तोडला, खाल्ला, दुसरा तोडला आणि सवयीनं उंदरापुढे केला.

सगळे बघत होते. उंदरानं हात पाठीमागे नेला नाही.

"नको," तो म्हणाला. आवाज बसलेला, त्यामुळे ते कुजबुजल्यासारखं आलं. "पोट कमी करायचंय मला."

भोंग्यानं हात मागे घेतला. मग तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून भरल्या तोंडानं म्हणाला, "हे आधी बोलायला काय झालं होतं? मी ऐकलं नसतं, ते सोड. पण बोलायचं."

बाई इन्स्पेक्टरबरोबर निघून गेल्या होत्या. त्या परत येऊन काय सांगतील, भोकापाशी बस म्हणतील की फाटकावर, हे उंदराला कळायला मार्ग नव्हता. तो दारापर्यंत जाऊन आला. दोनदा जाऊन आला. मग कोपऱ्यातली चाळणी घेऊन खाली बसला आणि फरशीवरची वाळू गोळा करून चाळायला लागला. मुंग्या, बिस्किटाचे कण, केकचे गठ्ठे वर राहत होते, ते तो बाजूला टाकत होता, आणि खाली बादलीत स्वच्छ वाळू पडत होती.