अप्पांच्या फजित्या

कपाटाचं दार आतून ओढून घेतलं की बारकीचं ऑफिस सुरू व्हायचं. चौतिशी उलटली, अंगानं भरली, तरी घरातलं नाव काही वाढलं नाही, बारकी ती बारकीच. टांगलेले कोट आणि जुन्या चादरी यांच्यामध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन बसे, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही आणि स्टुडिओ भाड्यानं घेण्याची ऐपत नव्हती. मग माइक तोंडाशी धरायचा आणि कंटाळ्याचा मागमूसही लागू न देता उड्या मारणाऱ्या आवाजात म्हणायचं, "मंडळी, हे खरंच घडलं!"

तिचा धंदाच हा. आपल्या घरात घडलेली गोष्ट सांगायची आणि त्या आवाजावर कार्टून हलवायचं. ऐकायला मजेचं वाटतं. करणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. 'आ' म्हणताना तोंड वेगळं, 'ओ' म्हणताना वेगळं, 'म' म्हणताना मिटलेलं, अशी शेकड्यांनी चित्रं काढावीत तेव्हा कुठे चार मिनिटांची गोष्ट होते. मनगट सुजायचं, मान धरायची, आणि लोक चहा गार व्हायच्या आत सगळं बघून विचारायचे, पुढचा व्हिडिओ कधी? लोकांचं काय जातंय विचारायला.

फ्लेक्स छापायच्या दुकानातली नोकरी सोडून ती यात पडली होती. सुरुवातीला तिनं स्वतःच्याच गोष्टी सांगितल्या. मोडलेलं लग्न, दुकानाचा खडूस मालक, केस कापायला गेली तेव्हा झालेला घोटाळा. कुणी कुत्रं विचारेना. मग एकदा अप्पा टॉवेलवर गॅलरीत अडकले आणि तिचं नशीब उघडलं.

अप्पा म्हणजे तिचे वडील. सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबली तरी माणूस ठेचकाळतो, म्हणून बोटभरही खपवून घ्यायचं नाही, असा खाक्या. गॅस बंद आहे ना हे तीनदा बघणारा माणूस. पण त्या दिवशी वारं आलं, गॅलरीचं दार लागलं, आतली कडी आपोआप पडली आणि अप्पा चौथ्या मजल्यावर उघडेबंब. खालून चाललेल्या टपालवाल्याला ते वरून रस्ता सांगत होते, "डावा जिना! अहो, तुमचा डावा, माझा नव्हे!"

बारकीनं अप्पांना भोपळ्याएवढं डोकं दिलं, त्यावर तीन केस उभे केले आणि ती गोष्ट चॅनेलवर टाकली. आठवडाभरात 'तुमचा डावा, माझा नव्हे' हे वाक्य अनोळखी माणसं एकमेकांना ऐकवू लागली. भाजीवाल्यानं अप्पांना ओळखलं. अप्पांनी वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण नंतर बरेच दिवस भाजी तेच आणत होते.

त्यानंतर बारकी काहीही काढो, खाली कॉमेंट एकच, अप्पा कुठे? अंगठ्यानं उघडणारी कुलपं विकणाऱ्या कंपनीची बाईसुद्धा फोनवर हेच म्हणाली. "आम्हाला तुमचे अप्पा हवेत. किल्ली हरवली, दार लागलं, असं काहीतरी. सहा व्हिडिओ. पण घडलेलं खरं पाहिजे हं, बनवलेलं लोकांना लगेच कळतं."

बारकीला ते प्रायोजकत्व हवंच होतं. घर त्यावर चालणार होतं, दुकानात परत तोंड दाखवावं लागणार नव्हतं. पण घडायला तर पाहिजे! अप्पा पुन्हा गॅलरीत अडकेनात. कडीला त्यांनी दोरी बांधून टाकली होती. दुपारभर कपाटात बसून बारकीनं आपलीच एक जुनी गोष्ट पुन्हा सांगून पाहिली, मध्येच तिचा आवाज फुटला आणि ती तिथंच कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडली.

आणि मग एकाएकी घडायला लागलं. अप्पांनी घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. दोन पायांत दोन वेगळे बूट घालून बँकेत जाऊन आले. दुसऱ्याचीच छत्री आणून वर ती आपलीच म्हणून भांडले. बारकीची चंगळ झाली. एकामागून एक पाच व्हिडिओ झाले, कंपनीची बाई खूश, लोक हसून बेजार.

पाचव्या व्हिडिओखाली कुणीतरी एवढंच लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. त्यांना दाखवून आणा.'

बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आपलेच व्हिडिओ ओळीनं लावून पाहिले. महिन्यांमागून महिने हा माणूस विसरत चाललाय, आणि आपण त्याला तीन केस काढून कुलपं विकतोय. तिला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्याच दिवशी ती अप्पांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी घड्याळ असं काढलं की भिंतीवर टांगावं. डॉक्टर म्हणाले, "आज तरी सगळं ठीक दिसतंय. लक्ष असू द्या, काही वाटलं तर या."

परत येताना बसमध्ये अप्पांनी आधी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "उगाच घाबरलीस. नाटक होतं ते."

"कसलं नाटक?"

"किल्ली, बूट, छत्री. सगळंच. तू त्या दिवशी कपाटात रडत होतीस. भिंत पातळ आहे आपली. म्हटलं, पोरीला गोष्टी मिळेनात, आपण देऊ."

"अप्पा! अहो, मी लोकांना छातीठोकपणे सांगते, खरंच घडलं म्हणून!"

"मग घडलंच की. मी घडवलं म्हणून काय घडलं नाही? दोन वेगळे बूट घालून चालून बघ, पाय काय दुखतात."

बारकी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. कालपासूनचं तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. लोकांना फसवल्याची टोचणी होती, पण ती पुढे बघता येईल. अप्पा शाबूत होते, एवढं तिला पुरे होतं.

आता निदान आपलं रडणं तरी बाहेर ऐकू जाऊ नये, म्हणून तिनं कपाटाला आतून लावायला जाडजूड पडदा शिवायला टाकला. त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. पडदा न्यायला ती गेली तेव्हा काकूंनी मशीन थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"अप्पा बरे आहेत ना गं आता?"

"एकदम ठणठणीत. का हो?"

काकू सुईत दोरा ओवायला लागल्या. "सांगू नका म्हणाले होते. पण मला राहवत नाही. मागच्या महिन्यात माझ्या दाराला किती वेळ किल्ली लावत होते. मी उघडलं तर मलाच विचारतात, तुम्ही कोण, माझ्या घरात काय करताय? तुझ्या गेलेल्या आईला हाका मारत आत आले गं, सगळ्या खोल्यांतून. मी बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू लक्षात आलं त्यांच्या. केवढे ओशाळले."

बारकी पडद्याची घडी हातात धरून उभी राहिली. जन्मभर लिफ्ट बरोबर मजल्यावर आणून थांबवणारा माणूस एक मजला चुकला होता.

"जाताना माझा हात धरून म्हणाले," काकू म्हणाल्या, "बारकीला सांगू नका. बाकीचं सगळं तिला काढू दे, हे नको."

ती जिन्यानंच वर आली. सगळं आता तिला कळलं. नाटक खरंच होतं, पण ते नुसतं तिच्यासाठी नव्हतं. एवढ्या खोट्या फजित्यांच्या गर्दीत एखादी खरी मिसळली, तर कुणाच्या लक्षात येणार होती?

ती घरात शिरली आणि फोन वाजला. कुलपांची बाई होती.

"सहाव्याचं काय करताय? काही घडलं का नवीन?"

घडलं होतं. किल्ली होती, चुकलेलं दार होतं, आणि शपथेवर सांगता येईल इतकं ते खरं होतं. कंपनीला याहून चांगली गोष्ट सात जन्मांत मिळाली नसती.

"नाही," बारकी म्हणाली. "अप्पांच्या गोष्टी संपल्या."

"संपल्या म्हणजे? अहो, लोक वाट बघतायत. सहावा नाही तर पुढच्या कामाचं काही बोलता येणार नाही मला."

"नका बोलू," असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिला फक्त झोपावंसं वाटत होतं.

भिंत पातळच होती. अप्पा लगबगीनं बाहेर आले, चेहऱ्यावर खोडकर हसू. "संपल्या कशा? मी आहे ना! जा, चहा टाक, आणि साखरेचा डबा शोध बघू. आज असा ठेवलाय की तुझ्या बापाला सापडणार नाही!"

बारकीनं त्यांच्या हसण्याकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी म्हणून शोधायला लागली. फडताळं, ओटा, चपलांचा खण, फ्रिज. अप्पा मागे हात बांधून मागोमाग फिरत होते, "गार, गार, अजून गार," म्हणत होते. शेवटी तिनं कमरेवर हात ठेवले.

"हरले बाई. सांगा, कुठे ठेवलाय?"

अप्पा हसतच होते. मग त्यांनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे, आणि पुन्हा फळीकडे. हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळे स्वयंपाकघरभर फिरत होते. बारकीनं त्यांना फार वेळ शोधू दिलं नाही. तिनं त्यांच्या खिशातली घराची किल्ली अलगद काढून आपल्या खिशात टाकली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

"राहू दे अप्पा, मला नाहीतरी कमीच करायची होती साखर," ती म्हणाली, आणि दोघांनी तसाच चहा घेतला.